बोर्डिंग स्कूलचे अर्ज: आधी शाळांची यादी आवरावी की निबंध लिहायला घ्यावेत?

प्रश्न

नमस्कार. आम्ही अमेरिकेत राहतो आणि माझी मुलगी आठवीत आहे. नववीपासून बोर्डिंग स्कूलमध्ये शिकावे ही कल्पना मूळची तिचीच आहे आणि आम्हा दोघांनाही ती पटली आहे. सध्या आमच्या यादीत नऊ शाळा आहेत. त्यांपैकी अँडोव्हर आणि एक्झेटर या नामांकित शाळांची नावे सर्वांच्याच यादीत असतात म्हणून आमच्याही यादीत आली. उरलेल्यांपैकी काही परिचितांनी सुचवल्या, तर काहींच्या माहितीपुस्तिका आम्हाला आवडल्या. आता नोव्हेंबर सुरू झाला असून बहुतेक शाळांची अर्जाची मुदत १५ जानेवारीच्या आसपास आहे. प्रत्येक शाळेचे लहान-मोठे निबंध मोजू लागलो तेव्हा एकूण काम पाहून तिचा धीर खचला. त्यातच शाळेचा अभ्यास, वाद्यवादनाचा सराव आणि डिसेंबरमधील एसएसएटी ही अशा शाळांची प्रवेशपरीक्षा आहे.

एकच निबंध थोडाफार बदलून सर्व शाळांना पाठवणे योग्य ठरेल का? यादी लहान केली तर संधी कमी होतील, ही भीती कितपत खरी आहे? आणि तिच्या लेखनाला आम्ही पालकांनी किती हात लावावा? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, माझा मुलगा अशाच एका शाळेत शिकला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निबंधांचा प्रश्न आणि यादीचा प्रश्न तुम्ही वेगवेगळे मांडले आहेत. माझ्या मते ते एकच आहेत. ‘आमचीच शाळा का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक शाळा कोणत्या ना कोणत्या रूपात विचारते, आणि ज्या शाळेबद्दल मुलीला या प्रश्नाचे उत्तर मनापासून देता येत नाही, ती शाळा यादीत कशासाठी आहे, हे आधी तपासायला हवे. म्हणून तिने निबंध लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक शाळेविषयी चार-पाच वाक्ये साध्या भाषेत, कोणालाही न दाखवता लिहावीत: तिथे रोजचा दिवस कसा जाईल, तिथले काय आवडेल, कशाचा त्रास होईल. जिथे लिहायला काही सुचत नाही किंवा माहितीपुस्तिकेतलीच वाक्ये पुन्हा उमटतात, ती शाळा गाळावी. नऊपैकी पाच-सहा शाळा उरतील, असा माझा अंदाज आहे.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या शाळांचे आतले जगणे बरेच वेगळे असते. एक्झेटरमध्ये १९३० साली एडवर्ड हार्कनेस यांनी दिलेल्या मोठ्या देणगीतून लंबवर्तुळाकार टेबलाभोवती बसून शिकण्याची पद्धत रुजली. डझनभर मुले आणि शिक्षक एकाच टेबलाशी बसतात आणि तास मुलांच्या चर्चेवरच चालतो. बोलण्याआधी बराच वेळ विचार करणाऱ्या मुलाला हे मानवेलच असे नाही. उलट एखादे अबोल मूल अशाच तासात खुलतेही. कॅलिफोर्नियातील थॅचर शाळेत नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे एका घोड्याची देखभाल सोपवलेली असते, म्हणजे पहाटे उठून तबेल्यात जाणे हा तिथल्या शिक्षणाचाच भाग आहे. अँडोव्हर आणि एक्झेटर या दोन्ही शाळांत हजाराहून अधिक विद्यार्थी आहेत. याउलट काही उत्तम शाळा तीनशेच्याही आत आहेत, आणि तिथे संगीतवर्ग, नाटक, खेळाचा संघ या सगळ्यांत तीच ती मुले भेटतात. तुमची मुलगी वाद्य वाजवते. मोठ्या शाळेत वाद्यवृंद चांगला असेल, पण त्यात जागा मिळवण्यासाठी स्पर्धा असेल. लहान शाळेत जागा सहज मिळेल, पण त्या वाद्याचा शिक्षक आठवड्यातून एकदाच बाहेरून येत असेल. हे त्या त्या शाळेला विचारूनच कळते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात उशिरा येते. काही शाळांत बरेच विद्यार्थी जवळपास राहणारे असतात आणि संध्याकाळी घरी जातात, त्यामुळे शनिवार-रविवारी आवार रिकामे वाटू शकते. न्यू हॅम्पशायरमधील सेंट पॉल्ससारख्या शाळेत मात्र सर्वच विद्यार्थी निवासी असतात. अनेक शाळांत शनिवारीही वर्ग भरतात. घरापासून दूर राहणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी शनिवार-रविवार कसे जातात, हा प्रश्न प्रयोगशाळा किती नवी आहे यापेक्षा मोठा आहे.

संधींबद्दल लिहायचे तर, मागणी प्रचंड असलेल्या शाळांचीच नावे वाढवून संधी वाढत नाहीत, कारण त्या सर्व शाळा साधारण तशाच अर्जांतून निवड करत असतात. यादीत दोन तरी शाळा अशा असाव्यात जिथे प्रवेशाची शक्यता बरी आहे आणि जिथे ती आनंदाने जाईल. यातला दुसरा निकष बहुतेकजण विसरतात.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. कालच तिने तुम्ही सांगितल्याप्रमाणे वाक्ये लिहिली. तीन शाळांविषयी तिला खरोखरच काही सुचले नाही, आणि त्यांत एक मोठे नाव आहे, हे पाहून मला आश्चर्य वाटले. निबंधांविषयी मात्र अजून शंका आहे. अनेक शाळा एकाच सामायिक अर्जाने चालतात असे ऐकले आहे. मग वेगळे लेखन कितपत लागते?

प्रतिसाद २

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते आणि अशा अर्जांसाठी शिफारसपत्रे लिहिते, त्यामुळे निबंधांविषयीच लिहिते.

गेटवे किंवा स्टँडर्ड ॲप्लिकेशन यांसारख्या सामायिक अर्जांमुळे कुटुंबाची माहिती, गुणपत्रिका आणि शिक्षकांची शिफारसपत्रे पुन्हा पुन्हा भरावी लागत नाहीत. शिफारसपत्रे सहसा इंग्रजीच्या आणि गणिताच्या शिक्षकांकडून मागवली जातात. त्यांना नोव्हेंबरातच विनंती करावी, कारण डिसेंबरच्या सुटीपूर्वी आमच्याकडे अशा विनंत्यांची रीघ लागते. एवढे काम वाचले तरी कित्येक शाळा आपले स्वतंत्र प्रश्न जोडतातच, आणि खरा वेळ त्यांनाच लागतो.

एकच निबंध सर्वत्र पाठवू नका, पण प्रत्येक वेळी कोऱ्या पानापासूनही सुरुवात करू नका. सर्व शाळांचे प्रश्न एका कागदावर उतरवून घेतले की ते तीन-चार गटांत पडतात: स्वतःविषयी काही, एखादी आवड, एखादा कठीण प्रसंग किंवा बदललेले मत, आणि ती शाळा का. पहिल्या तीन गटांसाठी मुलीकडे आपल्या आयुष्यातील पाच-सहा खरे प्रसंग तयार असले की त्यांतूनच वेगवेगळे निबंध उभे राहतात. प्रसंग तोच असला तरी रोख बदलतो. वाद्याची एखादी अवघड रचना बसवताना शिक्षकांशी झालेला मतभेद एका शाळेला चिकाटीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून चालेल, तर दुसरीला मत बदलण्याच्या प्रश्नाचे. चौथ्या गटाचे उत्तर मात्र प्रत्येक शाळेसाठी नव्यानेच लिहावे लागते. शाळेचे नाव बदलले तरी परिच्छेद तसाच लागू पडत असेल, तर तो अजून तयार झालेला नाही असे समजावे.

प्रसंग मोठा असण्याची काहीही गरज नाही. समाजसेवेच्या सहली, स्पर्धेतील पदके आणि आजी-आजोबांकडून मिळालेली शिकवण यांवरचे निबंध निवड समित्यांपुढे शेकड्यांनी येतात. त्यांत वाईट काही नाही, पण तेरा वर्षांच्या मुलीने नेमके काय पाहिले आणि तिला काय वाटले, हे त्यांत क्वचितच उरते.

पालकांनी किती हात लावावा, यावर माझे मत ठाम आहे. तिच्याशी भरपूर बोला, प्रश्न विचारा, ‘इथे मला समजले नाही’ असे सांगा, शुद्धलेखन तपासा. वाक्य मात्र तुम्ही लिहू नका. एसएसएटीच्या वरच्या, म्हणजे तिच्या इयत्तेच्या, स्तरावर विद्यार्थ्याला २५ मिनिटांत एक लेखन करावे लागते. त्याला गुण नसतात, पण त्याची प्रत शाळांकडे जाते. काही शाळा वर्गात तपासलेला एखादा निबंधही शिक्षकांच्या शेऱ्यांसह मागवतात. म्हणजे निवड समितीपुढे एकाच मुलीच्या लेखनाचे दोन-तीन नमुने असतात, शिवाय मुलाखतीत ती प्रत्यक्ष बोललेली असते. अर्जातील निबंध एखाद्या चाळिशीच्या व्यावसायिकाने लिहिल्यासारखा वाटला, तर ते लगेच ध्यानात येते. त्याहून मोठे नुकसान असे की आपले शब्द पुरेसे चांगले नव्हते, हा निरोप मुलीपर्यंत पोहोचतो.

रोज थोडे लिहिण्यापेक्षा शनिवारची सकाळ राखून ठेवणे मला अधिक उपयोगी वाटते. एसएसएटी होईपर्यंत प्रसंगांचे कच्चे मसुदे व्हावेत आणि परीक्षेनंतरच्या सुटीत ते पक्के करावेत.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. दोन मुद्दे राहिले आहेत, ते थोडक्यात लिहितो.

पहिला मुद्दा पालकांच्या निवेदनाचा. बहुतेक अर्जांत पालकांनाही आपल्या पाल्याविषयी लिहायचे असते, आणि लिहिण्याची तुमची सारी हौस तिथे वापरावी. त्यात तिच्या यशाची यादी पुन्हा देऊ नका, ती अर्जात आलेलीच असते. चिडल्यावर ती कशी वागते, एकटी असताना काय करते, कुठे तिला आधार लागतो, हे वसतिगृहात तिची काळजी घेणाऱ्या माणसांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? तिच्या एखाद्या उणिवेचा प्रामाणिक उल्लेख निवेदनाची विश्वासार्हता वाढवतो.

दुसरा मुद्दा शुल्काचा. अँडोव्हर प्रवेशाचा निर्णय घेताना कुटुंबाची आर्थिक गरज विचारात घेत नाही, आणि २०२१ मध्ये एक्झेटरनेही तसेच धोरण जाहीर केले. बहुतेक अन्य शाळांत मात्र मदतीचा निधी मर्यादित असतो आणि त्याचा परिणाम निवडीवर होतो. मदत हवी असेल तर तिचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच भरावा. निकालानंतर मागायला गेलात तर बहुधा निधी वाटून झालेला असतो. यादी निश्चित करण्यापूर्वी प्रत्येक शाळेला याविषयी स्पष्ट विचारा, त्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

बहुतेक शाळांचे निकाल १० मार्चला लागतात आणि उत्तर देण्यासाठी १० एप्रिलपर्यंत मुदत असते. मधल्या महिन्यात प्रवेश मिळालेल्या मुलांना शाळा पुन्हा भेटीसाठी बोलावतात. त्या दिवसांसाठी तिच्या शाळेतून रजा मिळेल याची तजवीज आताच करून ठेवा.