शाळेतल्या उपक्रमांसाठी पालकांनी जमवलेले पैसे द्यायचे कसे?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीच्या काठावर आमची वाडी. वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते सातवी, पट ४१, शिक्षक तीन. माझी धाकटी तिसरीत आहे आणि यंदा शिक्षक-पालक संघाचा हिशेब माझ्याकडे आलाय. बचत गटाची वही मी सात वर्षं लिहिते, त्यामुळे हिशेबाची भीती नाही. अडलंय ते दुसरीकडे.

गणपतीत मुंबईकर मंडळाने नमनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, प्रयोगातून उरलेले १५ हजार शाळेला दिले. शाळेच्या आवारातल्या काजूंचा उन्हाळ्यातला लिलाव आणि घरटी वर्गणी धरून हातात ३१,४०० रुपये आहेत. सभेत ठरलं की या वेळी वस्तू आपण ठरवायच्या नाहीत. शाळेत जे राबतात त्यांना मुलांसाठी काय करावंसं वाटतं ते विचारायचं आणि त्याला पैसे द्यायचे.

असं ठरायला कारण आहे. गेल्या वर्षी आम्ही पालकांनीच हौसेने चार टॅब आणले. शिक्षकांना कोणी विचारलंच नाही. श्रावणात कपाट उघडलं तर कव्हरांवर पांढरी बुरशी, आणि चार्जरच्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या. दुकानदार म्हणाला, यात वॉरंटी बसत नाही. ते टॅब अजून कपाटातच आहेत. त्यातले दोन हजार माझ्या सुपारीचे होते, म्हणून नाही, पण तेवढ्या पैशात काय काय झालं असतं हे मनातून जात नाही.

आता मागण्या सांगते. सहावी-सातवीच्या गुरुजींना जेटीवर भरती-ओहोटी मोजायला रंगवलेला बांबू, एक चांगलं भिंतीवरचं घड्याळ आणि पुढच्या जूनसाठी पर्जन्यमापक हवंय, ४,२०० रुपये. मुख्याध्यापकांना प्रिंटर हवाय, १३ हजार. एका पानाच्या झेरॉक्ससाठी त्यांना अकरा किलोमीटर जावं लागतं, त्यांचंही खरं आहे.

पहिली-दुसरीच्या बाईंनी काहीच मागितलं नाही. मी वर्गात गेले तेव्हा मुलं जमिनीवर पत्ते मांडून बसली होती. उचलून बघितले तर लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेले. एका बाजूला चित्र, खाली घरचा शब्द ‘मुळे’. दुसऱ्या बाजूला पुस्तकातला शब्द ‘शिंपले’. असे दीडशेच्या वर पत्ते. कडा मुलांच्या हातांनी मऊ झालेल्या. बाई म्हणाल्या, स्केचपेन आणि चिकटपट्टी एवढाच खर्च, तो मी करते. त्या पहिल्या वर्षापासून तो करतायत आणि आम्हाला पत्ताच नाही.

आणखी एक मागणी कागदावर आलीच नाही. खिचडी शिजवणाऱ्या आमच्या ताई मला विहिरीवर म्हणाल्या, “शेडच्या मागं दोन गुंठं मोकळं हायत. वानरांसाठी जाळी मिळाली तर मुलांना वर्षभर ताजी भाजी घालीन.” त्यांना पोरांच्या आवडीनिवडी तोंडपाठ आहेत.

सभेत काही जण म्हणतात तिघा शिक्षकांना सारखे वाटून टाका, भांडण नको. काही म्हणतात अर्ज दिलाय त्यालाच द्या. ताईंचं नाव काढलं तर एक जण म्हणाले, त्या स्टाफमध्ये कुठे येतात. मला यातलं काहीच पटत नाही, पण उत्तर देता आलं नाही. ज्यांनी असे पैसे दिलेत किंवा घेतलेत त्यांनी सांगा. अर्ज कसा घ्यावा, ठरवावं कोणी, आणि बिलांचं काय?

जुना केंद्रप्रमुख

ताई, मी संगमेश्वर तालुक्यात ३४ वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा, म्हणून. तुमचा प्रश्न वाचून जुने दिवस आठवले.

सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये शिक्षक अनुदान मिळायचं, शैक्षणिक साहित्य करायला. रक्कम लहान, पण ती त्या शिक्षकाची असायची. त्यातून कोणी मणीमाळा ओवल्या, कोणी पुठ्ठ्याची घड्याळं केली. भेटीला गेलो की शिक्षक आधी ते साहित्य काढून दाखवायचे. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि शाळेला एकच संयुक्त अनुदान सुरू झालं. शिक्षकाच्या नावाचे ते पाचशे गेले. म्हणून तुम्ही करताय त्याचं मोल मला फार वाटतं.

प्रिंटरचं आधी सांगतो. पट ३० च्या वर आणि १०० पर्यंत असेल तर संयुक्त अनुदान २५ हजारांचं असतं, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. कार्यालयीन गरजा तिथे बसवाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीच्या शाळा विकास आराखड्यात प्रिंटर लिहा आणि पाठपुरावा करा. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे आराखडा तुमच्याच हातात आहे. लोकांच्या घामाचा पैसा सरकारने द्यायच्या वस्तूवर घालू नका.

अर्ज एका पानाचा ठेवा. काय करणार, कोणत्या मुलांसाठी, किती पैसे लागतील आणि पुढच्या वर्षी त्यातलं काय उरेल, एवढंच विचारा. शेवटचा प्रश्न सोडू नका. आमच्या केंद्रात एका गुरुजींनी सुंदर विज्ञान कोपरा उभा केला होता. मे महिन्यात बदली झाली, नवीन शिक्षकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी गेलो तेव्हा भिंगं आणि चुंबकं खडूच्या खोक्यात पडली होती. वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, चढवा आणि उपक्रम कसा चालवायचा हे करणाऱ्याकडून दोन पानांत लिहून घ्या.

ज्यांना लिहायची सवय नाही त्यांचा अर्ज तुम्ही लिहून घ्या, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. पोषण आहाराच्या ताई मुलांसाठी रोज राबतात. त्या स्टाफमध्ये येतात का, हा प्रश्न मुलांना विचारून बघा.

आणखी एक. वर्गणी कोणी किती दिली याची यादी शाळेच्या फळ्यावर लावू नका. ज्याने दिली नाही त्याचं मूलही त्याच फळ्यासमोर बसतं. फी किंवा खर्चापायी कोणाचं प्राथमिक शिक्षण अडू नये, असं कायदाच सांगतो.

मालवणची बाई

मी शिक्षिका आहे, घेणाऱ्या बाजूची. सरांनी सगळं सांगितलं, मी एवढंच सांगते की आम्हाला सभेत उभं करून मागायला लावू नका.

आमच्या शाळेत पालकांनी मला ३,००० रुपये दिले होते. बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तिथे पाचवीची मुलं नेऊन गणित घ्यायचं होतं. वजनकाटा, वह्या, आणि मुलांना खाऊ. मला दोन महिने विचारायचं धाडस होईना. कोणी म्हणेल, पगार घेतात आणि वर हात पसरतात. शेवटी एका मुलाची आजी, जी स्वतः मासे विकते, म्हणाली, “बाई, तुमी मागू नकात, फकत सांगा काय होया ता.” त्या एका वाक्याने मला मोकळं केलं. तुमच्या पहिली-दुसरीच्या बाईंकडे अशाच जा. अर्ज द्या म्हणून निरोप धाडू नका, वर्गात बसा आणि विचारा.

दुसरं, पैसे आगाऊ द्या. ‘आधी खर्च करा, बिल आणा, मग बघू’ यात माझे एकदा, आधीच्या शाळेत, १,८०० रुपये गेले. आठवडी बाजारातल्या टोपलीवालीकडे कसलं आलंय बिल? साधी हातपावती आणि त्यावर दोन पालकांच्या सह्या पुरेशा धराव्यात.

चाकरमानी, डोंबिवली

आमचंही असंच मंडळ आहे, म्हणून देणाऱ्यांचं मन सांगतो. आम्हाला पाटी हवी असते, ‘सौजन्य’ लिहिलेली. लोक दर महिना शंभर-शंभर रुपये काढतात, त्यांना काहीतरी दाखवावं लागतं. लग्नपत्रिकांच्या पत्त्यांवर पाटी कुठे लावणार, असं मंडळात कोणीतरी विचारेलच.

पण तुमचं ते वर्णन मी आज जेवताना घरी वाचून दाखवलं. माझ्या आईने लगेच ‘मुळे’ ऐकून खाडीत उतरायच्या गोष्टी काढल्या. तेव्हा मंडळाला पाटीच्या जागी मुलांच्या हातचं पत्र धाडा, कोणत्या उपक्रमाला किती गेले ते लिहून. शिमग्याला गावी आल्यावर वर्गात नेऊन दाखवा. पुढच्या वर्षी पैसे थांबणार नाहीत, हे मी माझ्या मंडळाच्या अनुभवावरून सांगतो.

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, भातकापणी सुरू होती.

सर, तुमचे चार प्रश्न तसेच्या तसे घेतले. ठरवायला पाच जण नेमले: तीन आया, एक वडील आणि सातवीतली एक मुलगी. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून इतिवृत्तात घेतला. प्रिंटर आराखड्यात लिहिला. मुख्याध्यापक आधी नाराज होते, पण पाठपुराव्याला मी आणि अध्यक्ष तालुक्याला बरोबर येऊ म्हटल्यावर त्यांनी स्वतःच मसुदा केला.

मालवणच्या बाई, तुम्ही सांगितलंत तसं मी बाईंच्या वर्गात एक अख्खी दुपार बसले. अर्जाचं नावही काढलं नाही. निघताना त्याच म्हणाल्या, पत्ते प्लॅस्टिकच्या आवरणात घालता आले तर पावसाळ्यात टिकतील, आणि गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशी दोरीवर टांगता आली तर बरं. ६,५०० रुपये झाले. चाळीस पुस्तकं त्यात आली. पत्त्यांसाठी झाकणाचा मोठा डबा मी माझ्याकडून दिला, कपाटातली बुरशी आठवली म्हणून. ‘पुढच्या वर्षी काय उरेल’ याच्यापुढे त्यांनी लिहिलं: घरचे शब्द. ते वाचून मी थोडा वेळ गप्प बसले.

ताईंचा अर्ज मी लिहिला आणि त्यांनी दोनदा वाचून घेतला. जाळी, खांब आणि बियाणं मिळून ५,८०० रुपये. सभेत मी तो मोठ्याने वाचला. ‘त्या स्टाफमध्ये कुठे येतात’ म्हणणारे तेच दादा खांब पुरायला कुदळ घेऊन आले, एक रुपया न घेता. आता लाल माठ आणि मुळा वीतभर वर आलाय. पावसाळ्यात टाकळा आणि फोडशी बांधावर आपोआप येतेच, ती ओळखायला ताई मुलांना घेऊन फिरणार आहेत.

गुरुजींचा बांबू जेटीला बांधून झाला, दर दहा सेंटीमीटरला पांढरा-तांबडा पट्टा. वाडीतल्या म्हाताऱ्यांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून परवाच्या अष्टमीला सातवीची नऊ मुलं पहाटे साडेपाचला बॅटऱ्या घेऊन जेटीवर, बरोबर गुरुजी आणि आम्ही दोन आया. भांगाची, म्हणजे लहान भरती, पाणी फार चढत नव्हतं. सहा वाजले तरी पट्ट्यावर ओल वर सरकतच होती. सहा वाजून बावीस मिनिटांनी ती थांबली. मुलांत दोन तट पडलेत. काही म्हणतात आजोबांचं गणित बाहेरच्या समुद्राचं आहे, आपण खाडीत आत आहोत, पाणी यायला वेळ लागणार. काहींना वाटतं एका दिवसाच्या मोजणीवर काही ठरत नाही. गुरुजींनी उत्तर दिलेलं नाही. आता पौर्णिमेच्या उधाणाला दुपारी पुन्हा जायचंय.

१४,९०० रुपये शिल्लक आहेत. ते जूनच्या अर्जांसाठी ठेवलेत, कारण मे महिन्यात बदल्या झाल्या तर नवीन येणाऱ्यालाही पहिल्याच आठवड्यात विचारता यावं. मंडळाला मुलांचं पत्र गेलं, सोबत ‘मुळे’चा एक पत्ताही घातलाय.