एडिसन तोंडपाठ, बल्ब माहीत नाही! बालवाडीतल्या मुलांना शास्त्रज्ञांची नावं शिकवावीत का?

पर्वतीपायथा (धागाकर्ती)
लेक साडेचार वर्षांची. शाळेत शास्त्रज्ञांचा आठवडा होता, तिच्या वाट्याला एडिसन आला. अप्पा बळवंत चौकातून तक्ता आणला, कापसाचे पांढरे केस लावले, दादाचा जुना कोट घातला. "मी थॉमस अल्वा एडिसन. मी विजेच्या दिव्याचा शोध लावला." आठ दिवस आंघोळीच्या बादलीपाशीही हेच चालू. आणि एका रात्री अंथरुणात विचारते, "आई, बल्ब म्हणजे काय गं?"

हसू आलं, मग लक्षात आलं की आमच्या घरात बल्ब नाहीच. छतात चपटे एलईडी, स्वयंपाकघरात पट्टी. तक्त्यावरचा तो पेरूच्या आकाराचा दिवा तिने बघितलेलाच नाही! सासूबाईंच्या देव्हाऱ्यात झिरोचा बल्ब निघाला, पण तो लाल रंगाचा, आतलं काही दिसेना. शेवटी बुधवार पेठेतून चाळीस वॅटचा साधा बल्ब आणला. दुकानदाराने खालच्या खणातून काढून, फुंकर मारून धूळ उडवून दिला. बंद असताना तिने आतली तार बोटाने काचेवरून गिरवली. लावल्यावर लांबून हात शेकला आणि म्हणाली, "हा तापतो. आपले वरचे दिवे का नाही तापत?"

माझं मत सरळ आहे. सहा वर्षांपर्यंत शोधकांची नावं नकोतच. वस्तू हातात द्या, किडेमुंग्या दाखवा. नावं कुठे पळून जात नाहीत.

सदाशिवपेठी
साफ असहमत. ताई, बल्ब आणायला तुम्ही बुधवारात गेलात त्या एडिसनमुळेच ना? तक्ता नसता तर तुमची लेक एलईडीखाली सुखाने झोपली असती. पाठांतराला नाकं मुरडायची हल्ली पद्धतच पडली आहे. आम्ही पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) काही न कळता घोकली. पुढे कळलं तेव्हा ते ठेवायला डोक्यात खुंटी तयार होती.

बाल्कनी
खुंटी वाकडी असेल तर काय करायचं, काका? "एडिसनने दिव्याचा शोध लावला" हे वाक्यच अर्धवट आहे. त्याच्या आधी कितीतरी जण खटपट करत होते. इंग्लंडात जोसेफ स्वाननेही त्याच सुमारास दिवा पेटवला होता, पुढे दोघांनी तिथे मिळून कंपनी काढली. एडिसनचं खरं काम म्हणजे बराच वेळ न जळणारी तार शोधणं. 1879 मध्ये कापसाच्या दोऱ्याचा कोळसा करून पाहिला, मग बांबूचा, तो हजार तासांच्या वर टिकला. आणि हे एकट्याने नाही, मेन्लो पार्कच्या त्याच्या प्रयोगशाळेत अख्खी माणसांची फौज होती. आता हे साडेचार वर्षांच्या पोरीला कोटाच्या खिशात कसं बसवणार?

सदाशिवपेठी
बांबूचं सांगा की! मुलांना बांबू कळतो.

गुळपोळी
प्राण्यांच्या बाबतीतही हेच. भाच्याला सिंह, जिराफ, पेंग्विन सगळे चित्रात ओळखता येतात. घरातली पाल दिसली की मात्र किंचाळून पलंगावर. आमच्याच घरात "पाल विषारी" असं शिकवलेलं, हेही कबूल करते. आपल्याकडची घरातली पाल विषारी नसते. मग एक दिवस ट्यूबलाइटजवळच्या पालीकडे आम्ही दोघं जमिनीवर आडवे पडून पाहत बसलो. ती पतंगाकडे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. काचेच्या खिडकीवर बाहेरून बसली तेव्हा बोटांखालच्या आडव्या पट्ट्या दिसल्या. (त्या पट्ट्यांवर अतिशय बारीक केसांचे पुंजके असतात, त्यांच्या जोरावर ती छताला धरून राहते.) आता तो तिला "आपली" म्हणतो. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात दोनदा नेलंय, तिथलं त्याला फक्त आइस्क्रीम आठवतं.

साडेसहाची बस
सगळं छान आहे हो. पण मी सकाळी साडेसहाची कंपनीची बस धरते, रात्री आठला घरी. नवरा शिफ्टमध्ये. भाड्याची एक खोली, मालकीण भिंतीला खिळा ठोकू देत नाही. मी पालीखाली आडवी कधी पडू? तो तीस-चाळीस रुपयांचा तक्ता दाराला चिकटवला आहे आणि पोळ्या लाटताना मी पोरीला एकेक चित्र विचारते. आमचं विज्ञान तेवढंच.

आणि नावं नकोत म्हणणाऱ्यांना एक विचारते. त्या तक्त्यावर बारा चित्रं, अकरा दाढी-मिशीवाले बाबे आणि एक मेरी क्युरी. माझ्या मुलीने विचारलं, "आई, बायका शोध लावत नाहीत का?" तेव्हा मला कमला सोहोनींचं नाव हवंच होतं. 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, या अडून बसल्या, अटी घालून घेतलं. पुढे केंब्रिजची पीएच.डी. 1939 मध्ये. अडून बसणं मुलीला बरोब्बर कळलं. त्यात ती पटाईत आहे.

पर्वतीपायथा
पालीखाली आडवं पडायला वेळ लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि सोहोनींचं पटलं. पण ताई, ती गोष्ट झाली. "कमला सोहोनी, जीवरसायनशास्त्र" असं तक्त्यावर असतं तर काय कळलं असतं?

निवृत्त फिटर
मी चाळीस वर्षं मशिनी उघडल्या, म्हणून दोन शब्द. शोधकांच्या गोष्टी सांगाच, पण दुरुस्तीच्या सांगा. जेम्स वॅट म्हटलं की किटलीचं झाकण उडतं. प्रत्यक्षात 1763-64 च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेनच्या इंजिनाचं लहान मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. वाफेचं इंजिन आधीपासून होतंच! ते मॉडेल चालेना, वाफ फार खाई. का, तर प्रत्येक ठोक्याला तोच सिलिंडर तापवायचा आणि तोच गार करायचा. वॅट त्यावर अडकून पडला. 1765 मध्ये एका रविवारी मैदानात फिरायला गेला असताना सुचलं की वाफ दुसऱ्याच भांड्यात गार करावी, सिलिंडर गरमच राहू द्यावा. आपण तळजाईवर जातो ना, तसाच फिरायला गेला होता.

नातवाला हे मी तवा आणि पाण्याने दाखवलं. तापल्या तव्यावर पाणी टाकलं, चर्रर्र. पुन्हा तापायला किती वेळ, तो आकडे मोजत बसला. वॅटचं नाव मग त्यानेच विचारलं. (सुनेने तव्याबद्दल काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.)

बाल्कनी
काका, तवा प्रकार जबरी. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी हीच वाट धरली होती. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. साडेसहाची बस ताई, याला खिळाही लागत नाही आणि पोळ्या लाटताना पोरगी ओट्याखाली बसून करू शकते.

साडेसहाची बस
व्हॉल्व्ह ट्यूब आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे मिळेल. रविवारी बघते. तक्ता काढणार नाही मात्र.

सदाशिवपेठी
काढूच नका. सलीम अलींचं चित्र असेल तर दाखवा. लहानपणी गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी दिसली, ही कुठली म्हणून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत विचारायला गेले. माणूस, पक्षी, प्रश्न, सगळं एकाच गोष्टीत!

गुळपोळी
काका, ती चिमणी त्यांनी आधी छऱ्याच्या बंदुकीने पाडली होती. हेही सांगायचं का?

सदाशिवपेठी
... मोठ्या गटात गेल्यावर.

पर्वतीपायथा
ताजी खबर. चाळीसचा बल्ब काल संध्याकाळी फट्कन गेला. लेकीने तो कानाशी धरून हलवला, आतली तुटलेली तार किणकिण वाजते. "आई, हा एडिसनला दुरुस्तीला देऊ या." तो आता नाही म्हटलं, तर म्हणे त्या फिटर आजोबांना विचार.