बायझलमधलं दुपारचं जेवण : तुमचे अनुभव येऊ द्या

मागच्या मंगळवारी माझी अकरावीपासूनची मैत्रीण व्हिएन्नात उतरली. पुढचं विमान संध्याकाळी, हातात जेमतेम तीन तास. राजवाडा दाखवू का म्हटलं, तर म्हणाली, "राजवाडा कुठे पळून जातोय? आधी भूक बघ."

मग नेलं आमच्या गल्लीतल्या बायझलमध्ये. बायझल म्हणजे व्हिएन्नाची साधी खाणावळ. अर्ध्या भिंतीपर्यंत काळपट लाकूड, खडूने लिहिलेला फळा, आणि आपल्यावर उपकार केल्यासारखा चेहरा करून येणारा वेटर. कामाच्या दिवशी दुपारी इथे 'मिटाग्समेन्यू' असतो : एक सूप, एक मुख्य पदार्थ, ठरलेली किंमत.

त्या दिवशी सूप होतं फ्रिटाटनचं. पॅनकेकच्या बारीक पट्ट्या कापून गरम रश्श्यात सोडतात. मैत्रीण शाकाहारी, अंडं चालतं. ती तिसऱ्या चमच्याला म्हणाली, "अगं, हे तर घावनाच्या शेवया केल्यासारखं!" आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रस्सा गोमांसाचा. मी सगळं खाते, त्यामुळे इतक्या वर्षांत कधी विचारच केला नव्हता.

सांगावं की गप्प बसावं? सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "तीन झाले ते झाले. उरलेलं तू संपव, वाया नको घालवूस." मग अंडं घालून परतलेले नोकर्ल (कणकेचे छोटे उकडलेले गोळे) आणि हिरवं सॅलड तिने मनापासून खाल्लं. मला मात्र अजून टोचतंय.

तुमचंही असं काही झालंय? ऑस्ट्रियातली साधी खाणावळ, सोबत मित्र किंवा मैत्रीण. लिहा.

व्हिएन्नातूनच, अकरा वर्षं

ताई, सूप सोडाच, इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्येही बहुतेक वेळा गोमांसाचाच रस्सा असतो. दिसायला नुसता बटाटा, कांदा आणि व्हिनेगर. पदार्थांपुढे छापलेल्या अक्षरांवरही विसंबू नका. ती ॲलर्जीची : 'ए' म्हणजे ग्लूटेन, 'सी' म्हणजे अंडं, 'जी' म्हणजे दूध, 'एल' म्हणजे सेलरी. हाड कोणाचं उकळलंय ते कुठलंच अक्षर सांगत नाही. तोंडानेच विचारायचं.

आणि जे बाकी मांसाहार करतात पण गाय-वासरू खात नाहीत त्यांच्यासाठी : नुसतं 'वीनर श्निट्झल' (पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा पातळ तुकडा) लिहिलं असेल तर नियमाने ते वासराचंच. डुकराचं असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. माझ्या एका मित्राने हे ताट रिकामं झाल्यावर वाचलं. त्या दिवशी तो घरी येईपर्यंत बोलला नाही.

क्लागेनफुर्ट

आमच्या केर्नटन प्रांतात शाकाहाऱ्यांची चंगळ आहे, आणि त्याचं श्रेय एकट्या काझनुडलला.

ऑफिसातली माझी मैत्रीण इथलीच. मी नवीन असताना ती मला गावाबाहेरच्या एका गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळीत, घेऊन गेली. ताटात आल्या चार अर्धगोल, पांढुरक्या, कडेला मुरड घातलेल्या वस्तू. मी बघतच राहिले. करंज्या! फक्त तळलेल्या नाहीत, पाण्यात उकडलेल्या, वरून वितळलेलं लोणी. आत टोप्फन (आपल्या चक्क्याचा चुलतभाऊ म्हणा), बटाटा आणि चक्क पुदिना. इथे त्यासाठी खास जातीचा पुदिना लावतात, नावच 'नुडलमिंट्से'.

मी मुरडीकडे टक लावून बघतेय म्हटल्यावर मैत्रीण हसली. म्हणाली, याला 'क्रेंडल्न' म्हणतात, आणि आमच्याकडे म्हण आहे की जिला क्रेंडल्न येत नाही तिला नवरा मिळत नाही. माझ्या आजीने हेच वाक्य माझ्या आत्याला कधीच ऐकवलं असेल, मराठीत आणि जास्त रागाने. मी कागदी रुमाल दुमडून तिला आमची मुरड दाखवली, तिने तिची दाखवली. तिची जाड, दोरीसारखी. माझी बारीक. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई उठून आल्या, दोन्ही रुमाल निरखले आणि माझ्या मुरडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पाण्यात उघडेल."

पुढच्या रविवारी घरी करून बघितली. उघडली.

नाशिक

मी ऑस्ट्रियाला गेले नाहीये, पण चक्का, पुदिना आणि लोणी वाचून कणीक मळायला घेतेय. पुदिना वाटून की चिरून?

क्लागेनफुर्ट

बारीक चिरून. आणि करंजीपेक्षा पारी जाड ठेवा, आजीबाईंचं ऐका.

ग्राझ

आमच्या श्टायरमार्क प्रांतात भोपळ्याच्या बियांचं तेल. जळगावचा माझा रूममेट पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा केफरबोननचं सॅलड मागवलं. हे टपोरे, जांभळट ठिपक्यांचे दाणे, वर कांदा, आणि त्यावर ते तेल. हिरवं इतकं की काळंच. तो हळूच म्हणाला, "भाऊ, हे गाडीतलं काढलंय का?" चाखल्यावर मात्र पावाच्या तुकड्याने ताट पुसून खाल्लं. भाजलेल्या बियांचा खमंग वास. कारळ्याची चटणी आवडणाऱ्याला हे आवडणारच.

पुसता पुसता पांढऱ्या शर्टावर ओघळ आला. रंगपंचमीच जणू. त्याने मीठ मागितलं, लिंबू मागितलं. वाढणाऱ्या बाईंनी दोन्ही दिलं नाही. "धुवा आणि उन्हात टाका, जाईल." डिसेंबरात ऊन कुठून आणणार? शर्ट मार्चपर्यंत तसाच पडून होता. मग बाल्कनीत दोन दिवस टाकला आणि डाग खरंच गेला.

सध्या पुणे

तुम्ही लोक नशीबवान, वास तरी घेता आला. मी तिथे शिकत होतो तेव्हा खाणावळीत सिगारेटचा धूर असायचा. 1 नोव्हेंबर 2019 ला बंदी आली आणि मी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परत आलो.

लिंझ

बिलाबद्दल कोणीच लिहिलं नाही, आश्चर्य आहे.

वेटर विचारतो, "त्सुझामन ओडर गेट्रेन्ट?" एकत्र की वेगवेगळं? माझा इथला मित्र क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "गेट्रेन्ट." मी पाकीट काढून भांडायच्या तयारीत, 'आज मी, आज मी' करत, आणि समोर भांडायला कोणी नाहीच! आधी फार लागलं. आता बरं वाटतं. आपल्याकडे 'पुढच्या वेळी तू' म्हणतात आणि ती पुढची वेळ मनात मोजत बसतात.

याहून मोठा घोळ टिपेचा. इथे टेबल सोडताना पैसे ठेवून जायची पद्धत नाही. पैसे देतानाच टीप धरून आकडा बोलायचा. मला काय माहीत. बिल एकवीस चाळीस. मी पन्नासची नोट दिली आणि सभ्यपणे म्हटलं, "डांके", म्हणजे धन्यवाद. वेटर कमरेत वाकला आणि गेला तो गेलाच. नोट देताना नुसतं 'डांके' म्हटलं की बाकी तुम्हीच ठेवा असा अर्थ होतो. मित्र हसत होता, पण पैसे परत मागायला तोच उठला. ते परतही मिळाले, वर एक श्नाप्स (कडक दारूचा छोटा पेला) फुकट.

इन्सब्रुक

आम्ही दोघांनी जेवण म्हणून एक कायझरश्मार्न मागवला. तव्यातच फाडलेला जाड, मऊ पॅनकेक, वर पिठीसाखर, बाजूला शिजवलेले प्लम. वीस मिनिटं थांबावं लागलं. मित्र कुरकुरला, "जेवायला गोड कसलं?" त्याला विचारलं, होळीला तुझ्या ताटात काय असतं? त्यानंतर तो फक्त चमच्याने बोलला.

धागा काढणारी

वाचतेय सगळं, मजा येतेय. मैत्रिणीलाही पाठवलं. तिने रत्नागिरीत घरी घावन करून, पट्ट्या कापून आमसुलाच्या सारात टाकल्या म्हणे. दोन मिनिटांत सगळं विरघळलं. तांदळाचं पीठ टिकणार कसं? तिला सांगितलंय, कणीक आणि अंडं घालून कर, आणि सार अगदी वाढताना ओत.