बर्फ, ओन्सेन आणि काळी जोडवी: जपानच्या स्की ट्रिपचे तुमचे अनुभव सांगा

मुक्ता_पुणे
सकाळी चांदी घासायला काढली तर तळाच्या डबीत माझी जुनी जोडवी सापडली. कोळशासारखी काळी. जानेवारी २०१९, जपानमधलं नोझावा ओन्सेन गाव (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे), गंधकाच्या पाण्याची करणी. आणि योगायोग बघा, कालच भाच्याचा फोन: "मावशी, जानेवारीत स्कीइंगला जायचंय, तुमचा प्लॅन पाठव."

प्लॅन कसला डोंबलाचा! नवऱ्याने एक्सेलमध्ये सकाळी आठ ते चार स्कीइंग आखलं होतं. पहिल्याच दिवशी नवशिक्यांच्या उतारावर साडेदहाला त्याचा गुडघा मुरगळला. मग उरलेले तीन दिवस गावातली तेरा सार्वजनिक स्नानगृहं पालथी घातली. गावकरीच चालवतात, तिकीट नाही, दाराशी पेटी असते. त्यातलं ओयू नावाचं तर बाहेरून देऊळच वाटतं. आत दोन टाकी, एक कढत, एक 'कोमट'. त्या कोमटात पाय घातला आणि "आई गं!" असं जोरात निघालं. शेजारच्या आजी हसल्या, लाकडी घंगाळं हातात दिलं. आधी अंगावर पाणी घे, मग उतर, अशी खूण केली. भाषा शून्य, पण अगदी आपल्या आजीसारखा दरडावलेला चेहरा.

तर भाच्यासाठी लिहा. काय चुकलं ते आधी लिहा.

निशिकसाईकर
तोक्योहून होकुरिकू शिंकान्सेनने (बुलेट ट्रेन) इयामा स्टेशन, तिथून बसने २५ मिनिटं. रेल्वे पासच्या मोहात पडू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा ५०,००० येन झाला (आधी २९,६५० होता). नुसतं जाऊन यायला सुटं तिकीट स्वस्त.
बॅगा कुरियरने हॉटेलवर आधी पाठवता येतात, पण एक दिवस आधी!! आम्ही निघायच्या दिवशी सकाळी दिल्या. दुसऱ्या दिवशी पोचल्या. बायको माझी पँट दोरीने बांधून बर्फात. अजून ऐकवते.

सुगरण_नाशिक
शाकाहारी आहे का भाचा? भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असतो, विचारून घ्या. मी चार दिवस ओयाकीवर काढले. कणकेचा गोळा, आत नोझावानाचं लोणचं, बरंचसं आपल्या मोहरीच्या पाल्यासारखं. ओगामा म्हणून उकळतं कुंड आहे, नव्वद अंशाच्या आसपास, तिथे गावच्या बायका ती भाजी उकडतात. आपल्याला आत सोडत नाहीत, कठड्याबाहेरून बघायचं. एकीने पाल्याची जुडी अश्शी झटकली की मला थेट गोदाकाठचा भाजीबाजार आठवला. खूप लिहिलं, कुकरची शिट्टी झाली.

कोकणी_माणूस
गरम पाण्यात बसायला जपान? आमच्या तुरळ-राजवाडीला या, वर घावनं खायला घालतो 😄

मुक्ता_पुणे
@कोकणी_माणूस बर्फ आणा, येते.

वाटसरू७१
आई सोबत येणार असेल तर एक सांगतो. आईच्या हातावर लहानपणी गोंदलेली तुळस आहे. जपानात बऱ्याच ठिकाणी गोंदण असलेल्यांना कुंडात घेत नाहीत. आईला हे सांगायचं कसं? शेवटी खोलीतच कुंड असलेलं हॉटेल घेतलं, महाग पडलं. आई म्हणाली, बरं झालं, नाहीतरी चारचौघींत कपडे काढून कोण बसणार होतं! दोन तास बाहेर आली नाही. खिडकीतून बर्फ बघत भूपाळ्या म्हणत होती. आता आई नाही.

सुगरण_नाशिक
@वाटसरू७१ 🙏 माझ्या आजीच्या कपाळावर होतं गोंदण.

घाईत_आहे
१५ जानेवारीला जाणार असाल तर राहायची सोय फार आधी बघा. त्या रात्री गावात दोसोजिन या वाटरक्षक देवाचा अग्न्युत्सव. लाकडाचं भलंमोठं देऊळ उभारतात, वर ४२ वर्षांचे पुरुष बसतात, खाली २५ वर्षांचे राखण करतात, आणि अख्खं गाव मशाली घेऊन ते पेटवायला धावून येतं. दोन्ही वयं अशुभ मानतात म्हणून. होळी आणि साडेसाती एकदमच. माझा नवरा तेव्हा नेमका ४२चा, म्हटलं जा बस वर.

मुक्ता_पुणे
भाचा पंचविशीचाच आहे! खालीच उभा करते.

नवशिकी_स्कीवाली
पहिला दिवस शिक्षक घ्या. नवऱ्याकडून शिकू नका. एवढंच.

निशिकसाईकर
@नवशिकी_स्कीवाली यावर वेगळा धागा काढा 😂

कोकणी_माणूस
गुडघ्याचं काय झालं पुढे?

मुक्ता_पुणे
बरा झाला, पण पावसाळ्यात कुरकुरतो. म्हणतो, ते कढत टाकं इथे असतं तर!

घाईत_आहे
ताई जोडवी टाकू नका. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर जोडवी, खायचा सोडा, उकळतं पाणी. फॉइलला टेकली पाहिजेत.

सुगरण_नाशिक
फॉइलची चकचकीत बाजू वर की खाली?

घाईत_आहे
कुठलीही. खिडकी मात्र उघडा, वास सुटतो.

मुक्ता_पुणे
केलं आत्ता. सुटला वास. अगदी ओयूच्या दारातला! नवरा आतून विचारतोय, अंडी उकडतेस का?