एक्सपाथमधली उभी रेघ : ‘किंवा’, ‘आणि’ की ‘संयोग’?

प्रश्न : एक्सएमएलमधल्या (माहिती खुणांमध्ये बांधून लिहायच्या भाषेतल्या) घटकांचे दोन अ‍ॅट्रिब्युट (घटकाच्या खुणेतच लिहिलेली नाव-किंमत अशी जोडी, उदा. भाषा="मराठी") एकदम काढायचे तर एक्सपाथमध्ये (एक्सएमएलमधले भाग शोधून काढायच्या भाषेत) असं लिहितात :

//पुस्तक/@क्रमांक | //पुस्तक/@भाषा

आमच्याकडे ही रेघ सगळे ‘किंवा’ म्हणून वाचतात. पण निकालात तर दोन्ही येतात! मराठीत काय म्हणावं? आणि अ‍ॅट्रिब्युटला ‘गुणधर्म’ चालेल का?

प्रतिसाद : ‘किंवा’ नकोच. एक्सपाथमध्ये खरा ‘ऑर’ (or) वेगळा आहे, त्याची जागा सहसा चौकोनी कंसातल्या अटीत. या रेघेच्या जागी ‘ऑर’ टाकून बघा, यादी मिळणारच नाही. नुसतं खरं की खोटं एवढंच उत्तर येईल. रेघ दोन संच एकत्र करते. शाळेच्या गणितात त्याला ‘संयोग’ म्हणतात, तोच शब्द घ्या. २००७च्या २.० आवृत्तीपासून रेघेऐवजी ‘युनियन’ (union) असं अक्षरी लिहिलेलंही चालतं.

प्रतिसाद : मग सरळ ‘आणि’ का नको? बोलताना आपण ‘क्रमांक आणि भाषा दे’ असंच म्हणतो की.

प्रतिसाद : ‘आणि’ म्हटलं की जोड्या मिळतील असं वाटतं, आणि गडबड तिथेच होते. हे बघा :

<पुस्तक क्रमांक="१" भाषा="मराठी"/>
<पुस्तक क्रमांक="२"/>
<पुस्तक क्रमांक="३" भाषा="कोकणी"/>

वरच्या ओळीने पाच नोडची (नोड म्हणजे एक्सएमएलमधला एकेक भाग, इथे एकेक अ‍ॅट्रिब्युट) सपाट यादी हाती येते. दोन-दोनच्या जोड्या लावत गेलात तर दुसऱ्या पुस्तकाला भाषा म्हणून ‘३’ चिकटतो. शिवाय एकाच घटकातले अ‍ॅट्रिब्युट कोणत्या क्रमाने येतील याची हमी नसते. जोड्या हव्या असतील तर आधी फक्त //पुस्तक निवडा आणि मग प्रत्येक पुस्तकापाशी @क्रमांक, @भाषा वाचा. सगळेच अ‍ॅट्रिब्युट हवेत तर //पुस्तक/@* पुरे.

(देवनागरी नावं बघून दचकू नका. एक्सएमएलला ती चालतात, फक्त फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ठेवा.)

प्रतिसाद : ‘गुणधर्म’ला माझी हरकत आहे. ‘प्रॉपर्टी’लाही आपण तेच म्हणतो, मग एकाच परिच्छेदात दोन्ही आले की वाचणाऱ्याने काय करायचं? ‘अ‍ॅट्रिब्युट’च राहू द्या. त्यापेक्षा नातं सांगताना जपा. घटक हा अ‍ॅट्रिब्युटचा पालक, पण अ‍ॅट्रिब्युट त्याचं अपत्य नव्हे. नियमच तसा आहे. म्हणून //पुस्तक/* लिहिलंत तर वरच्या नमुन्यात काहीच सापडत नाही.

मूळ प्रश्नकर्ता : ‘संयोग’ पटला. पण कोड वाचून दाखवताना ‘पाइप’च म्हणेन, टीमला तेच कळतं.