स्टेन्सिलचा पूल शिरोरेषेत नको

भाऊच्या धक्क्यावरच्या खोक्यांसाठी अरुंद स्टेन्सिल अक्षरं देवनागरीत चालतील का, असं एकाने विचारलंय. उत्तम चालतील, अरुंद फळीवरही उंच अक्षर बसतं, लांबून वाचता येतं. पण पूल, म्हणजे अक्षराचा आतला बंद भाग बाकीच्या शीटला धरून ठेवणारी न कापलेली पट्टी, शिरोरेषेत देऊ नका! ‘म’ची रेषा डावीकडे तुटली की ‘भ’ वाचला जातो, ‘घ’चा ‘ध’ होतो. ‘म’मधली आडवी रेघ उजव्या दांड्याला भेटते तिथे पूल ठेवा. ‘प’ला एक पुरतो, ‘ष’ला दोन लागतात, कारण तिरकी रेघ पोटाचे दोन बंद भाग करते. पूल पुरेसा रुंद हवाच. फार बारीक असेल तर मायलर (स्टेन्सिलची प्लास्टिक शीट) तिथेच फाटतं. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून उभा टेकवत मारा. स्प्रेचा जाड हात दिलात तर रंग शीटखाली शिरून पूलच बुजवतो.