घाट चढताना पिकअप ओढत नाही, कोड पी०२९९. टर्बोच गेला का?

भाजीगाडी_कराड:
मंडळी, सल्ला हवाय. टर्बो डिझेल पिकअप आहे, बीएस-४. पहाटे भाजी घेऊन चिपळूणला उतरतो, येताना सुक्या मासळीची पोती असतात. हल्ली कुंभार्ली चढताना गाडी तिसऱ्यात दम धरत नाही. पाय दाबला की आधी काळा धूर, मग सावकाश उचल. चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) कमी. एअर फिल्टर नवा आहे. गॅरेजवाले टर्बो बदला म्हणतात. त्याआधी काही तपासता येईल का?

घाटरस्ता:
मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) काढून पेट्रोल आणि टूथब्रशने घासा. आमची गाडी सुटली होती.

डिझेलवाली_ताई:
दादा, टर्बोला इतक्यात हात लावू नका. आणि ब्रश अजिबात नको. काही सेन्सरना टोकाशी तापमान मोजणारा नाजूक मणी असतो, तो ब्रशने तुटतो.

आधी मोजा. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरच्या लाइव्ह डेटात मॅपचा आकडा बघा. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब दिसायला हवा: चिपळूणला साधारण १०० किलोपास्कल, कराडला ९५ च्या आसपास. पण तेवढ्यावर सेन्सर पास करू नका. भोक काजळीनं चोंदलं तरी थांबलेल्या हवेचा दाब बरोबर दिसतो, बदलणारा दाब मात्र आतपर्यंत उशिरा पोचतो. म्हणून माल भरलेला असताना मोकळ्या चढावर तिसऱ्यात गाडी दाबा. आकडा शेजारी बसलेल्यानं बघायचा, तुम्ही नाही. पाय सोडल्यावर आकडा रेंगाळत खाली आला तर सेन्सर चोंदलाय. आकडा चटकन हलतो पण हव्या त्या बूस्टपर्यंत पोचतच नाही, तर हवा गळतेय असं धरा आणि इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाइप, क्लॅम्प बघा. गळक्या सांध्यावर बहुतेक वेळा ऑइलचा ओला डाग असतो.

साफ करताना इंजिन थंड, चावी बंद. प्लास्टिकला चालणारा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, कार्ब क्लीनर नको. भोक खाली करून फवारा मारा आणि काजळी आपसूक गळू द्या. टाचणी घालू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. पुरता सुकल्यावरच बसवा. ओ-रिंग चिरली असेल तर नवी टाका, नाहीतर बूस्ट तिथूनच निसटेल.

भाजीगाडी_कराड:
ताई, केलं सगळं. इंजिन बंद असताना ९५ आला, पण चढावर पाय सोडल्यावर आकडा खाली यायला फार वेळ घेत होता. सेन्सर काढला तर भोकच दिसेना, सगळं डांबरासारखं. साफ करून कोड क्लिअर केला. काल मासळी भरून कुंभार्ली तिसऱ्यात चढली, धूरही नाही. पण एवढी काजळी येते कुठून?

डिझेलवाली_ताई:
फार बरं वाटलं वाचून, टर्बोचे पैसे वाचले. ईजीआरमधून, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून, काजळी येते, क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनच्या खालच्या भागातली वाफ काढणारी नळी) ऑइलची वाफ येते. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणारी नळी) दोन्ही मिसळली की तो चिकटा तयार होतो. ईजीआर व्हॉल्व्ह उघडाच अडकत नाही ना, ते तपासून घ्या. इंटरकूलरचा खालचा पाइपही काढून बघा. आत नुसता ओलावा असेल तर चालतो. ऑइल साचलेलं दिसलं तर ब्रीदर आणि टर्बोच्या शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) बघावा लागेल. तुमचा रस्ता पाटणवरूनच जातो, आमचं गॅरेज तिथंच आहे. गाडी रिकामी असेल तेव्हा या, दोन्ही बघून देते.